ऑटोमेटेड टेस्टमध्ये अनपेक्षित एक्सेप्शन आलं तर: काय पकडायचं, काय वर जाऊ द्यायचं आणि कोणत्या क्रमाने

टेस्ट मध्येच एक्सेप्शन (कोड चालताना आलेली, नेहमीचा क्रम तोडणारी चूक) येऊन तुटली की बहुतेक जण आधी त्या ओळीभोवती ट्राय-कॅच (एक्सेप्शन पकडणारं कोड) लावतात. टेस्ट पुढे सरकते, रिपोर्ट हिरवा होतो आणि तोच दोष नंतर वापरणाऱ्याला सापडतो. दुसरी सवय म्हणजे फेल झालेली टेस्ट आपोआप तीन वेळा चालवायची आणि एकदा पास झाली की विषय संपवायचा. दोन्हींत चूक एकच आहे. एक्सेप्शन काय सांगतंय हे वाचायच्या आधीच त्याचा आवाज बंद केला जातो.

या लेखातला नियम सोपा आहे. ज्या एक्सेप्शनची टेस्टला अपेक्षा नव्हती, ते वर जाऊ द्यायचं, म्हणजे न पकडता फ्रेमवर्कपर्यंत पोचू द्यायचं. ते वर जात असताना पुरावा गोळा करायचा, साफसफाई करायची आणि टेस्ट लाल होऊ द्यायची. एक्सेप्शन पकडायला परवानगी तीनच ठिकाणी: जिथे एक्सेप्शन येणं हेच तपासायचं आहे तिथे, ओळखीच्या बाहेरच्या अडथळ्यावर नेमका उपाय आहे तिथे, आणि पुरावा गोळा करणाऱ्या कोडमध्ये.

क्रमही तितकाच महत्त्वाचा आहे. रीट्राय (पुन्हा प्रयत्न) आणि रिकव्हरी (अडथळ्यातून सावरणं) शेवटाकडे येतात. त्यांच्यापासून सुरुवात केलीत, तर खालचे सगळे दोष त्यांच्याखाली झाकले जातात.

## तयारी: आहे ती स्थिती नोंदवा

काहीही बदलण्याआधी पूर्ण सूट (सगळ्या टेस्टचा संच) एकदा चालवा आणि पाच आकडे लिहून ठेवा: एकूण, पास, फेल, एरर, स्किप. शेवटी तुलना याच आकड्यांशी करायची आहे.

फेल आणि एरर यांतला फरक तुमचं फ्रेमवर्क कसा करतं, हेही आत्ताच बघा. जावाच्या जेयुनिट फ्रेमवर्कच्या एक्सएमएल रिपोर्टमध्ये असर्शन (अपेक्षित निकालाची तपासणी) मोडलं तर ते फेल्युअर, इतर एक्सेप्शन आलं तर एरर. पायथनच्या युनिटटेस्टमध्येही तसंच. पायथनच्याच पायटेस्टमध्ये मात्र टेस्टच्या अंगात कुठलंही एक्सेप्शन आलं तरी ते ‘फेल’ म्हणूनच मोजलं जातं. ‘एरर’ म्हणजे फिक्स्चरमध्ये (टेस्टआधी तयारी आणि नंतर आवराआवर करणारं कोड) किंवा टेस्ट फाइल लोड होताना काहीतरी तुटलं. हा फरक माहीत नसेल तर रिपोर्ट चुकीचा वाचला जातो.

मग कोडमध्ये शोध घ्या. जावात कॅच, पायथनमध्ये एक्सेप्ट, जावास्क्रिप्टमध्ये कॅच ब्लॉक आणि प्रॉमिसला जोडलेले कॅच, दोन्ही. नुसत्या टेस्ट फाइल चाळून थांबू नका. पेज ऑब्जेक्ट (वेबपेजवरच्या क्रिया एकत्र ठेवणारे क्लास), युटिलिटी क्लास, बेस क्लास हे सगळं धुंडाळा. एक्सेप्शन गिळणारं कोड टेस्टमध्ये कमी आणि या मदतनीस फंक्शनांमध्ये जास्त असतं. सापडलेल्या प्रत्येक जागेची यादी करा आणि पुढे लिहा: इथे एक्सेप्शन आलं तर फंक्शन काय परत देतं? खोटं, नल, रिकामी यादी, की काहीच नाही?

## टप्पा १: टेस्ट तुटली की बिल्ड खरंच लाल होतं का?

टेस्ट प्रामाणिकपणे फेल होऊनही सीआयचं, म्हणजे कोड बदलला की आपोआप टेस्ट चालवणाऱ्या यंत्रणेचं, जॉब हिरवं राहत असेल, तर पुढची मेहनत वाया जाते. म्हणून पहिली तपासणी एक्झिट कोडची (कमांड संपताना परत देते तो आकडा).

पायटेस्टचे कोड ठरलेले आहेत: ० म्हणजे सगळं पास, १ म्हणजे काही टेस्ट फेल, २ म्हणजे रन मध्येच थांबवला, ३ म्हणजे पायटेस्टमध्येच अंतर्गत बिघाड, ४ म्हणजे कमांड चुकीची दिली, ५ म्हणजे एकही टेस्ट सापडली नाही. काही स्क्रिप्ट फक्त ‘१ आहे का’ एवढंच बघतात. त्यांना ३ आणि ५ दिसतच नाहीत. शून्य सोडून काहीही आलं तर जॉब फेल, असंच लिहा.

हमखास फसवणाऱ्या जागा या:

- टेस्टचं आउटपुट पाइपमधून दुसऱ्या कमांडला दिलेलं असतं, उदाहरणार्थ लॉग फाइलमध्ये साठवायला. शेल अशा वेळी शेवटच्या कमांडचा एक्झिट कोड घेतं आणि टेस्टचा कोड हरवतो. बॅशमध्ये पाइपफेल पर्याय चालू करा.
- कमांडच्या शेवटी ‘नाहीतर यशस्वी समज’ अशी जोड कुणीतरी लावून ठेवलेली असते.
- मेव्हन या जावाच्या बिल्ड साधनाच्या शुअरफायर प्लगइनमध्ये टेस्ट फेल्युअरकडे दुर्लक्ष करायचं सेटिंग चालू असतं.
- फेलसेफ प्लगइन वापरताना फक्त इंटिग्रेशन-टेस्ट टप्प्यापर्यंतच बिल्ड चालवलेलं असतं. फेलसेफ निकाल तपासतं ते व्हेरिफाय टप्प्यात, म्हणून तिथपर्यंत जायलाच हवं.

तपासा: मुद्दाम एक्सेप्शन फेकणारी एक टेस्ट वेगळ्या ब्रँचवर टाका. जॉब लाल व्हायला हवं. मग तेच एक्सेप्शन सेटअपमध्ये (टेस्टआधीच्या तयारीत) टाका. तेव्हाही लाल व्हायला हवं. यातली एकही गोष्ट झाली नाही तर आधी ती दुरुस्त करा, मगच पुढे जा.

## टप्पा २: पुरावा एकाच जागी गोळा करा

कॅच काढायला लागाल तेव्हा बऱ्याच टेस्ट लाल होतील. त्या वेळी पुरावा हातात नसेल तर घाबरून कॅच परत लावले जातात. म्हणून ही सोय आधी.

काय जमवायचं: कारणासकट पूर्ण स्टॅक ट्रेस (एक्सेप्शन आलं त्या ओळीपर्यंतच्या कॉलची यादी), टेस्टचं नाव आणि त्या वेळचा डेटा, रँडम डेटा असेल तर त्याचा सीड (तोच डेटा पुन्हा बनवता येतो तो आकडा), वेळ, ॲप्लिकेशनची आवृत्ती. ब्राउझर टेस्ट असेल तर स्क्रीनशॉट, पेजचा सोर्स, चालू पत्ता आणि कन्सोलचा लॉग. एपीआय टेस्ट असेल तर शेवटची रिक्वेस्ट आणि रिस्पॉन्स.

हे प्रत्येक टेस्टमध्ये लिहू नका. फ्रेमवर्कच्या हुकमध्ये (ठरलेल्या क्षणी फ्रेमवर्क स्वतः चालवतं ते कोड) एकदाच लिहा. पायटेस्टमध्ये त्यासाठी रिपोर्ट तयार करणारा हुक आहे. जेयुनिट ५ मध्ये मात्र एक खाच आहे आणि अनेक जण तिथेच अडकतात. टेस्टवॉचरमध्ये (टेस्टचा निकाल कळवला जातो तो भाग) स्क्रीनशॉटचा कोड टाकला, तर तो आफ्टरईच (प्रत्येक टेस्टनंतरची आवराआवर) झाल्यानंतर चालतो. ब्राउझर आफ्टरईचमध्ये बंद होत असेल, तर तोवर फोटो काढायला काही उरलेलंच नसतं. टेस्टएक्झिक्युशन-एक्सेप्शनहँडलर हा टेस्ट मेथडमधून एक्सेप्शन बाहेर पडल्याबरोबर, आफ्टरईचच्या आधी चालतो. पुरावा तिथे घ्या. बिफोरईच किंवा आफ्टरईचमधली एक्सेप्शन त्याच्याकडे येत नाहीत. त्यांच्यासाठी लाइफसायकल मेथडचा वेगळा हँडलर आहे.

इशारा: या हँडलरमधून मूळ एक्सेप्शन पुन्हा फेकायला विसरलात, तर फ्रेमवर्क टेस्ट पास समजतं. म्हणजे पुरावा गोळा करायला लिहिलेलं कोडच गुन्हा लपवतं.

स्क्रीनशॉट घेतानाही एक्सेप्शन येऊ शकतं, कारण कदाचित ब्राउझरच मेलेला असतो. तसं झालं तर नवं एक्सेप्शन मूळ कारणावर चढून बसतं आणि रिपोर्टमध्ये फक्त ‘सेशन सापडलं नाही’ एवढंच दिसतं. म्हणून पुराव्याच्या प्रत्येक तुकड्याभोवती स्वतंत्र आणि कुठलंही एक्सेप्शन पकडणारा कॅच लावा. तुकडा मिळाला नाही तर तशी नोंद करा, पुढचा तुकडा घ्या आणि शेवटी मूळ एक्सेप्शन वर पाठवा.

मूळ कारण आणखी दोन प्रकारे हरवतं. पहिला प्रकार: एक एक्सेप्शन पकडून दुसरं फेकताना पहिलं त्यात न गुंफणं. जावात ते कन्स्ट्रक्टरला कारण म्हणून द्या, पायथनमध्ये ‘रेझ… फ्रॉम’ वापरा. दुसरा प्रकार: लॉगमध्ये नुसता मेसेज लिहिणं. ‘नल’ एवढाच शब्द छापलेले लॉग बघून काय कळणार? जावा १५ पासून नलपॉइंटर एक्सेप्शनचा मेसेज कोणती गोष्ट नल होती हे स्वतःहून सांगतो, तरी स्टॅक ट्रेसची जागा मेसेज घेऊ शकत नाही. लांब चालणाऱ्या रनमध्ये स्टॅक ट्रेसच रिकामा आला तर गोंधळू नका. तेच एक्सेप्शन एकाच जागी पुन्हा पुन्हा येत असेल, तर हॉटस्पॉट जेव्हीएम (जावाचं कोड चालवणारं इंजिन) नलपॉइंटरसारख्या एक्सेप्शनचा ट्रेस वेगासाठी गाळतं. लॉगमध्ये मागे जाऊन पहिली नोंद शोधा, किंवा ही सवय बंद करणारा जेव्हीएमचा पर्याय टेस्टच्या रनमध्ये लावा.

इशारा: पासवर्ड, टोकन आणि वैयक्तिक माहिती पुराव्यात जाण्याआधी झाका. टेस्टचे रिपोर्ट आपल्याला वाटतं त्याहून जास्त लोक बघतात.

## टप्पा ३: अपेक्षित एक्सेप्शनची व्याख्या घट्ट करा

अनपेक्षित काय हे ओळखायचं तर अपेक्षित काय ते नेमकं लिहिलेलं हवं. ‘ऋण रक्कम दिली तर नकार मिळावा’ ही टेस्ट घ्या. त्यात ‘कुठलंही एक्सेप्शन आलं की पास’ असं लिहिलं असेल, तर तयारीच्या ओळीत ऑब्जेक्ट नल राहिला तरी टेस्ट पास होते. रक्कम तपासणारं कोड चाललेलंही नसतं.

तीन गोष्टी आवळा.

प्रकार: सर्वसाधारण एक्सेप्शनऐवजी नेमका प्रकार लिहा. जेयुनिटचं असर्टथ्रोज उपप्रकारही स्वीकारतं. तंतोतंत तोच प्रकार हवा असेल तर जेयुनिट ५.८ पासून असर्टथ्रोज-एक्झॅक्टली आहे.

जागा: ब्लॉकमध्ये एकच कॉल ठेवा, तयारी बाहेर करा. जेयुनिट ४ मध्ये टेस्ट ॲनोटेशनला ‘एक्स्पेक्टेड’ दिलं की पूर्ण मेथडच त्या कक्षेत येते, म्हणून ते वापरणं सोडा. पायटेस्टच्या रेझेस ब्लॉकमध्ये (‘इथे एक्सेप्शन यायलाच हवं’ असं सांगणारा) तर मोठा सापळा आहे: एक्सेप्शन फेकणाऱ्या ओळीनंतर त्याच ब्लॉकमध्ये लिहिलेली असर्ट कधीच चालत नाहीत. मेसेज तपासणाऱ्या ओळी आत आहेत, टेस्ट हिरवी आहे, आणि त्या ओळी लिहिल्यापासून एकदाही चाललेल्या नाहीत. अशा ओळी ब्लॉकच्या बाहेर काढा.

मेसेज: पूर्ण वाक्य जुळवू नका, ओळख पटवणारा भाग पुरेसा आहे. पायटेस्टमधला ‘मॅच’ हा रेग्युलर एक्स्प्रेशन (काही चिन्हांना खास अर्थ असलेला शोधाचा नमुना) म्हणून शोधला जातो. कंस आणि टिंबं असलेला मेसेज तसाच दिला तर कधी जुळत नाही, कधी नको तिथे जुळतो. एस्केप करून द्या.

## टप्पा ४: गिळणारे कॅच एकेक करून काढा

आता ती यादी घ्या. सगळं एका कमिटमध्ये उपटू नका. एक फंक्शन, एक रन, निकाल बघून पुढचं.

सर्वांत घातक नमुना आधी काढा. ‘घटक दिसतोय का’ असं विचारणारं मदतनीस फंक्शन जवळपास प्रत्येक यूआय सूटमध्ये असतं, आणि आत कुठलंही एक्सेप्शन आलं तर ते ‘नाही’ असं उत्तर देतं. आता ‘एरर मेसेज दिसत नाही ना’ हे तपासणारी टेस्ट घ्या. ब्राउझर कोसळला, पेज उघडलंच नाही, लोकेटर (पेजवर घटक शोधायची खूण) चुकला, काहीही झालं तरी फंक्शन ‘नाही’ म्हणतं आणि टेस्ट पास होते. म्हणजे बिघाड जितका मोठा, तितकी ही टेस्ट पक्की हिरवी. इथे फक्त ‘घटक सापडला नाही’ हेच एक्सेप्शन ‘नाही’मध्ये बदला, बाकी सगळी वर जाऊ द्या. शिवाय नकारार्थी तपासणीआधी एक होकारार्थी तपासणी ठेवा: पेजचं शीर्षक दिसतंय, मग एरर दिसत नाही.

मग असर्शनच गिळणारे कॅच. इथे भाषेप्रमाणे फरक पडतो. जावात असर्शन एरर हा ‘एक्सेप्शन’ या वर्गाखाली येत नाही, त्यामुळे कॅच एक्सेप्शन त्याला अडवत नाही; कॅच थ्रोएबल मात्र अडवतो. पायथनमध्ये असर्शन एरर थेट एक्सेप्शनखाली येतो. म्हणजे ‘एक्सेप्ट एक्सेप्शन’ लावलेल्या ब्लॉकमधलं असर्ट मोडलं तरी कुणाला पत्ता लागत नाही. जावाची सवय घेऊन पायथनमध्ये आलेले लोक इथे हमखास चुकतात. जावास्क्रिप्टमध्ये कॅच सगळंच पकडतो.

फायनली ब्लॉकमधून रिटर्न करणंही याच यादीत येतं. जावा आणि पायथन दोन्हींत ते चालू एक्सेप्शन गुपचूप टाकून देतं. पायथन ३.१४ पासून त्यावर वॉर्निंग येते. जुन्या आवृत्तीत स्वतःच शोधावं लागेल. व्हीबीस्क्रिप्टवर चालणाऱ्या जुन्या सूटमध्ये ‘ऑन एरर रिझ्यूम नेक्स्ट’ शोधा. ते एकदा चालू केलं की त्या प्रोसिजरमधली पुढची प्रत्येक चूक ओलांडली जाते.

सॉफ्ट असर्शन (चुका साठवून शेवटी एकदम दाखवणारी तपासणी) वापरत असाल तर एवढं लक्षात ठेवा: शेवटच्या ‘असर्ट ऑल’च्या आधीच एक्सेप्शन आलं, तर तोवर साठलेल्या चुका रिपोर्टमध्ये येत नाहीत.

कॅच काढल्यावर लाल झालेल्या टेस्टचे तीन ढीग करा: ॲप्लिकेशनचा दोष, टेस्टचा दोष, वातावरणाचा दोष. ॲप्लिकेशनचा दोष लगेच सुटणार नसेल तर कॅच परत लावू नका. दोषाचा क्रमांक लिहून टेस्टवर उघड खूण करा. पायटेस्टच्या एक्सफेलमध्ये (‘ही टेस्ट फेल होणं अपेक्षित आहे’ अशी खूण) अपेक्षित एक्सेप्शनचा प्रकार देता येतो. दुसरंच काही तुटलं तर टेस्ट लाल होते. स्ट्रिक्ट चालू ठेवलं तर दोष सुटल्यावरही ती लाल होऊन खूण काढायची आठवण देते.

तपासा: एकूण टेस्टची संख्या तयारीत नोंदवलेल्या आकड्याइतकीच आहे ना? कमी झाली असेल तर फाइल लोड होतानाच काही तुटलंय.

## टप्पा ५: सेटअप आणि टीअरडाउन

सेटअप अर्ध्यात तुटला तर आधी तयार केलेल्या गोष्टी कोण आवरणार, हे गृहीत धरू नका. पायथनच्या युनिटटेस्टमध्ये सेटअप फेल झाला तर टीअरडाउन (टेस्टनंतरची आवराआवर) चालतच नाही. तिथे प्रत्येक गोष्ट तयार झाल्याबरोबर ॲड-क्लीनअपने तिची साफसफाई नोंदवा, ती चालतेच. पायटेस्टच्या फिक्स्चरमध्ये यील्डच्या (इथे थांबून टेस्ट चालू दे, असं सांगणारी ओळ) आधी एक्सेप्शन आलं तर यील्डनंतरचं कोड चालत नाही, म्हणून एका फिक्स्चरमध्ये एकच गोष्ट तयार करा. टेस्टएनजी या जावाच्या दुसऱ्या फ्रेमवर्कमध्ये कॉन्फिगरेशन मेथड (सेटअपसारखी तयारी) फेल झाली की पुढच्या टेस्ट स्किप होतात. रिपोर्टमध्ये शेकडो स्किप आणि एखादंच फेल दिसतं, आणि वरवर बघणाऱ्याला परिस्थिती ठीक वाटते. स्किपची संख्या वाढली तर ती फेलइतकीच गंभीर धरा.

टीअरडाउनमध्ये प्रत्येक पायरी स्वतंत्र ठेवा. पहिली तुटली म्हणून दुसरी राहून गेली, तर उरलेला डेटा पुढच्या टेस्टला पाडतो आणि तपास चुकीच्या टेस्टपासून सुरू होतो. जावात ट्राय-विथ-रिसोर्सेस वापरलं तर बंद करताना आलेलं एक्सेप्शन मूळ एक्सेप्शनला ‘सप्रेस्ड’ म्हणून जोडलं जातं. कारण हरवत नाही.

## टप्पा ६: रिकव्हरी आणि रीट्राय, आता

इथवर आलात म्हणजे उरलेले अडथळे खरोखर बाहेरचे आहेत. प्रत्येकासाठी नेमका उपाय लिहा.

मध्येच उगवणारी अलर्ट खिडकी घ्या. वेबड्रायव्हरचं (टेस्टमधून ब्राउझर चालवणारं मानक) ठरलेलं वर्तन म्हणजे ती बंद करायची आणि एररही कळवायची. हे वर्तन सेशनच्या सेटिंगमध्ये बदलता येतं, पण ‘गुपचूप स्वीकार’ करू नका. त्या अलर्टमध्ये कदाचित ‘सेव्ह झालं नाही’ असं लिहिलेलं असतं. अलर्ट अपेक्षित असेल तर टेस्टमध्ये तिची वाट बघा आणि मजकूर तपासा.

स्टेल एलिमेंटचं एक्सेप्शन (आधी सापडलेला घटक आता पेजवर उरलेला नाही) आलं तर जुनाच संदर्भ पुन्हा वापरून उपयोग नाही, घटक नव्याने शोधा. वेळेच्या अडचणींवर एक्सप्लिसिट वेट (ठरावीक अट पूर्ण होईपर्यंत थांबणं) वापरा आणि त्यात इम्प्लिसिट वेट (प्रत्येक शोधाला आपोआप लागू होणारं थांबणं) मिसळू नका. दोन्ही एकत्र आले की थांबण्याचा वेळ सांगता येत नाही. सायप्रेस या ब्राउझर टेस्टच्या साधनात पेजवरचं न पकडलेलं एक्सेप्शन टेस्ट फेल करतं. ते टाळायला सगळ्यांसाठी एकच ‘दुर्लक्ष कर’ हँडलर लावू नका. ओळखीचा मेसेज असेल तरच सोडा. प्लेराइट या तशाच साधनात उलट आहे: पेजचं एक्सेप्शन स्वतःहून टेस्ट पाडत नाही, त्यासाठी पेज-एररची घटना ऐकून तुम्हालाच टेस्ट फेल करावी लागते.

रीट्राय लावताना पहिला प्रश्न हा: ही क्रिया दोनदा झाली तर चालेल का? वाचण्याची रिक्वेस्ट पुन्हा पाठवता येते. नवी नोंद करणारी रिक्वेस्ट टाइमआउट झाली, तर सर्व्हरवर ती झालेलीही असू शकते. आंधळा रीट्राय दुसरी नोंद करतो. मर्यादा ठरवा, प्रत्येक प्रयत्नाची लॉगमध्ये नोंद करा आणि मेसेज असा लिहा की वाचणाऱ्याला कोड उघडावं लागू नये: ‘ऑर्डरची स्थिती वाचताना कनेक्शन तुटलं, ३ पैकी २रा प्रयत्न, ऑर्डर क्रमांक अमुक.’

इशारा: पूर्ण टेस्ट पुन्हा चालवून पास झाली, तर रिपोर्टमध्ये ती ‘फ्लेकी’ (कधी पास, कधी फेल) म्हणून वेगळी दिसायला हवी. शुअरफायर तशी नोंद करतं. तुमच्या साधनात ती सोय नसेल तर पूर्ण टेस्टचा रीट्राय बंद ठेवा.

## टप्पा ७: दुसरा थ्रेड आणि असिंक

टेस्टने सुरू केलेल्या दुसऱ्या थ्रेडमध्ये (सोबतीने चालणारं वेगळं काम) एक्सेप्शन आलं तर जेयुनिटला ते कळत नाही. मुख्य थ्रेड शेवटपर्यंत पोचला की टेस्ट पास. काम एक्झिक्युटरला (थ्रेड सांभाळणारा) द्या, फ्युचर (नंतर मिळणाऱ्या निकालाची पावती) घ्या आणि त्याचा निकाल मागा. एक्सेप्शन तिथे बाहेर येतं. पायटेस्ट ६.२ पासून थ्रेडमधल्या न पकडलेल्या एक्सेप्शनची वॉर्निंग देतं. ती वॉर्निंग एरर म्हणून धरायचं सेटिंग लावा.

जावास्क्रिप्टच्या जेस्ट फ्रेमवर्कमध्ये अवेट (असिंक, म्हणजे नंतर पूर्ण होणाऱ्या, कामासाठी थांबणं) विसरलं की असर्शन मोडण्याआधीच टेस्ट संपते आणि हिरवी होते. असिंक टेस्टमध्ये किती असर्शन चालायला हवीत ते सुरुवातीला जाहीर करा, आणि अवेट नसलेलं प्रॉमिस (असिंक कामाचा निकाल) पकडणारा लिंट नियम (कोड न चालवता चुका दाखवणारी तपासणी) चालू करा. माझ्या मते हा लिंट नियम बाकी कुठल्याही शिस्तीपेक्षा जास्त चुका थांबवतो.

## टप्पा ८: मुद्दाम मोडून बघा

शेवटी सूटवर हल्ला करा. प्रत्येक वेळी एकच गोष्ट मोडा आणि रिपोर्टमध्ये काय दिसायला हवं ते आधी लिहून ठेवा.

1. टेस्टच्या अंगात एक्सेप्शन: लाल, पूर्ण ट्रेस, पुरावा जोडलेला.
2. सेटअपमध्ये एक्सेप्शन: लाल किंवा एरर, आणि आधी तयार झालेला डेटा आवरलेला.
3. टेस्ट आणि टीअरडाउन दोन्हींत एक्सेप्शन: रिपोर्टमध्ये दोन्ही दिसायला हवीत, टेस्टचं आधी.
4. रन चालू असताना ब्राउझरची प्रोसेस मारा: मूळ कारण वर, स्क्रीनशॉट मिळाला नाही याची नोंद खाली.
5. मागच्या थ्रेडमध्ये एक्सेप्शन: लाल.
6. डेटाबेस किंवा सर्व्हर बंद करून पूर्ण सूट चालवा: त्यावर अवलंबून असलेली एकही टेस्ट हिरवी राहता कामा नये.

सहावा प्रयोग सगळ्यात बोलका. त्यात हिरव्या राहिलेल्या टेस्टची यादी काढा आणि प्रत्येकीसाठी टप्पा ३ आणि ४ परत करा. मग तयारीतले पाच आकडे समोर ठेवून नव्या रनशी ताडून बघा: एकूण तितकेच, स्किप वाढलेले नाहीत, आणि फेल वाढले असतील तर प्रत्येकाला दोषाचा क्रमांक आहे.

हे सहा प्रयोग स्क्रिप्टमध्ये बांधून ठेवा आणि टेस्ट फ्रेमवर्क, ड्रायव्हर किंवा सीआयची कॉन्फिगरेशन बदलली की पुन्हा चालवा.